मास्तरांचा १ जून

नोव्हेंबर २०२३. दिवाळी नुकतीच सरली होती, आमच्या बँकेच्या शाखेत फराळाचे डबे अजून फिरत होते, आणि त्याच महिन्यात एफएटीएफचं, म्हणजे काळा पैसा आणि दहशतवादाचा पैसा रोखण्याचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, पथक भारताची तपासणी करायला आलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या शाखेत त्यातलं कुणी फिरकणार नाही, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. तरी वरून मेलवर मेल: केवायसी कुणाचं राहिलंय, पॅन नसलेल्यांचे फॉर्म ६० नीट लावलेत का, दहा लाखांवरच्या रोखीचा अहवाल गेला का. पाहुणे कुठल्या कुठे, आणि सडासारवण आमच्या अंगणात.

त्या दिवशी साडेदहाला मास्तर आले. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, पेन्शन आमच्याकडेच. नाव लिहीत नाही, पण त्या नावाचे दोघेतिघे तरी आमच्याच शाखेत निघतील. मुलगा कुवेतला क्रेन चालवतो. नातीच्या लग्नासाठी त्याने ३ लाख ८० हजार पाठवले होते आणि आचाऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची होती. मुलाकडे पावती होती, खात्यात पैसे नव्हते.

मी हेड ऑफिसच्या, नावं तपासणाऱ्या सेलला फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, नावाचा हिट आलाय. ९१ टक्के मॅच. होल्डवर आहे.”

हे काय असतं ते सांगते. एफएटीएफच्या ४० शिफारशींपैकी सहावी म्हणते, दहशतवादाशी जोडलेल्या माणसांचा पैसा विनाविलंब गोठवा. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची यादी असते, १२६७ क्रमांकाच्या ठरावाखालची. ती यादी आपल्याकडे यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ५१ए खाली लागू होते, रिझर्व्ह बँकेमार्फत आमच्यापर्यंत येते आणि सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसते. मग प्रत्येक नाव त्या चाळणीतून जातं. आणि अरबी वळणाची नावं रोमन अक्षरांत लिहायच्या दहा तऱ्हा असल्याने सॉफ्टवेअर नुसतं तंतोतंत जुळणारं पाहत नाही, जवळपासचंही धरतं.

मास्तरांचं आडनाव अस्सल कोकणी आहे. ते पूर्ण लिहिलेलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण शाखा संगणकावर गेली तेव्हा कुणीतरी जागा पुरेना म्हणून आडनावाचं एक अक्षर ठेवलं, आणि कुवेतच्या पावतीवर तर तेही नव्हतं. उरलेलं नाव यादीतल्या एका माणसाशी जुळलं. त्या माणसाची जन्मसालं यादीत तीन दिली होती. त्यातलं एक मास्तरांचं.

“त्यांना काही सांगू नका हं,” सेलचा मुलगा म्हणाला. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल गेला असेल तर ग्राहकाला सुगावा लागू द्यायचा नाही, हा नियम मला पाठ आहे. इथे तसा अहवाल गेलेलाच नव्हता. पण त्या महिन्यात कोण वाद घालणार? मी बाहेर येऊन म्हणाले, “मास्तर, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे.” बँकेत खोटं बोलायला सर्व्हरइतकी सोय दुसरी नाही.

ते बाकावर बसले. त्यांच्यासमोर पाच-सहा जण पैसे काढून गेले. मग मास्तर शांतपणे म्हणाले, “सर्व्हर माझ्यापुरताच बंद आहे वाटतं.”

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सेलला जन्मतारीख, जन्मगाव आणि वडिलांचं नाव हवं होतं. आमच्या जुन्या फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना कोरा. आधारवर जन्मगाव नसतंच. जन्मतारीख होती, १ जून.

“ती खरी नाही,” मास्तर म्हणाले. “आमच्या गुरुजींनी लिहिली. जूनमध्ये शाळा उघडते, पोराला सहा पूर्ण दिसली पाहिजेत. सालही अंदाजानेच. पुढे मी मास्तर झालो, मीही शेकड्याने एक जूनवाले केले.” मला हसू आलं, मग आलं तसं गेलं. माझ्या वडिलांची तारीखही १ जूनच आहे.

“कागद काय आहेत घरी?”

“हजचा पासपोर्ट आहे. २०१२ चा.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “नावाचं काही आहे का, मॅडम?”

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. एसटीने घरी गेले आणि अडीच वाजता प्लास्टिकची पिशवी घेऊन परतले. त्यात पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, पेन्शनची ऑर्डर आणि जेवायला वेळ मिळाला नाही म्हणून एक बिस्किटपुडा.

मी सगळं स्कॅन करून पाठवलं. उलट फोन आला, “मॅडम, पासपोर्ट २०२२ ला एक्स्पायर झालाय.”

“अरे, मी खातं उघडत नाहीये. पासपोर्ट संपला म्हणून माणसाचे वडील बदलत नाहीत.”

तिकडे कुणाला तरी विचारणं झालं. त्याचंही चुकत नव्हतं. खरा हिट सोडला तर नोकरी जाईल, खोटा अडवला तर कुणी विचारत नाही. यादी नको, असं मीही म्हणणार नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते शेजारच्या रायगडात, शेखाडीला. एवढंच की यादीतला माणूस जन्मला दुसऱ्या देशात, आणि हे पासपोर्टची दोन पानं पाहून ठरवायला सकाळची संध्याकाळ झाली.

पावणेपाचला होल्ड निघाला. रोखीचा काउंटर बंद झालेला. आचाऱ्याला मी फोन केला, उद्या सकाळी मिळतील म्हणून.

१९ सप्टेंबर २०२४ ला एफएटीएफचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारत रेग्युलर फॉलो-अपच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात. ४० पैकी ३७ शिफारशी पूर्ण किंवा बऱ्याच अंशी पाळलेल्या. खटले मात्र लवकर निकाली काढा, असा शेरा. आम्हाला वरून अभिनंदनाची मेल आली. मी त्याला उत्तर म्हणून मास्तरांचं आडनाव पूर्ण लिहिण्याची विनंती तिसऱ्यांदा पाठवली. या वेळी ते झालं.

नंतर एकदा मास्तर पेन्शनला आले तेव्हा हातात कोरा करकरीत पासपोर्ट होता. मी विचारलं, “उमऱ्यासाठी मक्केला का, मास्तर?”

“छे हो,” ते म्हणाले. “बँकेत यायला लागतो.”