राखीव जागा

आज अविधवा नवमी. सवाष्ण जेवली, ओटी घेऊन गेली. भांडी आवरताना डोक्यात ताई, म्हणजे ह्यांची गेलेली पहिली बायको, असायला हव्या होत्या, पण होती ती लॉर्ड कर्झनची दुसरी बायको. ग्रेस.

काल रात्री झोप येईना म्हणून वाचत पडले होते. कर्झन मार्च १९२५ मध्ये गेला. केडल्स्टनला, घराण्याच्या चर्चच्या तळघरात, त्याला पहिल्या बायकोशेजारी ठेवलं. नंतर ग्रेसला तिथे एका फळीवर नवऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी दिसली : ‘दुसऱ्या लेडी कर्झनसाठी राखीव’.

नावसुद्धा नाही. एस.टी.त खिडकीवर रंगवतात ना, तसं.

पहिली मेरी. शिकागोच्या लक्षाधीशाची लेक. १९०३ च्या दिल्ली दरबारात मोरपिसांच्या जरीकामाचा तो झगा घालून नाचली, पिसाच्या प्रत्येक डोळ्यात भुंग्याचं हिरवं पंख. तीन मुली झाल्या. १९०६ मध्ये गेली, अवघी छत्तीस वर्षांची. त्याने तिच्यासाठी चर्चला जोडून वेगळं दालन बांधलं. आज तिथे संगमरवरात दोघं शेजारी शेजारी निजलेली आहेत. ग्रेस आली १९१७ मध्ये, ती स्वतःही विधवा. त्याला वारस हवा होता, मुलगा. तो झालाच नाही. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

आमच्या सासूबाईंनी लग्नाच्या दिवशीच माझ्या गळ्यात सवतीची पुतळी घातली. मेरीची संगमरवरी, ताईंची सोन्याची, हरभऱ्याएवढी. पंधरा वर्षं घालतेय, कधी बोचली नाही. काल रात्री बोचली. उताणी झोपले की गळ्याच्या खळग्यात येते, कुशीवर वळले की उशीत रुतते. चिठ्ठी काही जाईना. त्याने ती कधी लिहिली असेल? तिच्याशी भांडून? की सगळ्या कागदपत्रांवर शेरे मारायची सवय, त्यातलाच हा एक?

मग पहाटे पाणी प्यायला उठले आणि बाहेरच्या खोलीत नजर गेली. ताईंचा फोटो, हार, आणि शेजारी एक रिकामा खिळा. मी या घरात आले त्या आधीपासूनचा. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. रडू आलं. स्वतःचीच इतकी कीव आली की फ्रीजच्या उजेडात उभी राहून कालचा लाडू खाल्ला.

संध्याकाळी न राहवून ह्यांना विचारलं, “तो खिळा कुणासाठी ठोकलात?”

चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. “अगं, आधी तो ठोकला. चुकला. पंख्याचा वारा लागून फोटो हलायचा. मग हा दुसरा.”

म्हणजे पहिला खिळा तो. दुसऱ्यावर ताई.

हसू दाबत आत आले. गॅसशेजारी टाचणीवर लोंबणारं कॅलेंडर काढलं आणि त्या खिळ्याला अडकवलं. दुधाचे खाडे आता ताईंच्या डोळ्यांदेखत मांडायचे. या महिन्याचे चार झालेत. दूधवाला तीनच म्हणतोय.