पलीकडच्या गल्लीतलं देऊळ

देवळालगतचा फ्लॅट विकायचा असला की एजंट गिऱ्हाइकाला दुपारी तीनला बोलावतो. नैवेद्य होऊन गाभाऱ्याचं दार लोटलेलं असतं, पुजारी आडवा झालेला असतो, पारावर एखादं कुत्रं पसरलेलं असतं. चार-साडेचारला दार उघडेपर्यंत त्या गल्लीइतकी शांत जागा अख्ख्या पेठेत सापडायची नाही. बाल्कनीतून कळस दिसतो. घेणाऱ्याच्या आईचे हात आपसूक जोडले जातात आणि भावात घासाघीस करायची सोय तिथेच संपते.

खरं तर हे घर कार्तिकात पहाटे पाच वाजता बघावं. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा चालतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद; पण भोंगा नसला तरी टाळ असतात, मृदंग असतो आणि वर्षभर दबलेले आवाज असतात. पुन्हा एकदा संध्याकाळच्या आरतीला जावं, तेही बिनमाणसाच्या आरतीला. हल्ली नगारा, झांज आणि घंटा एकाच लोखंडी सांगाड्यावर बसवलेली, मोटारीवर चालणारी यंत्रं आली आहेत. बटण दाबलं की चालू. माणसाचा हात दुखतो, मोटारीचा दुखत नाही, एवढाच काय तो फरक.

भोंग्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आधी बघायचं. कर्ण्यातून आवाज समोर फेकला जातो. मागच्या आणि बाजूच्या इमारतींना त्याचा त्रास बराच कमी. कर्णा बांधलेला असतो दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, म्हणून ‘वरचा मजला घ्या, आवाज खालीच राहतो’ हा सल्ला ऐकून दुसरा मजला घेणारा नेमका त्याच्या तोंडी जातो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. दहा मीटरवर 85 असेल तर वीसवर 79, चाळीसवर 73. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45. अरुंद गल्लीत तर आवाज भिंतींवर आपटत पुढे येतो, त्यामुळे तो एवढाही उतरत नाही. सरकत्या खिडक्यांचा उपयोग बेताचा, कारण दोन पल्ल्यांमधल्या ब्रशच्या पट्टीतून आवाज आत शिरतोच. बिजागरीवर उघडणारी, चारी कडांना रबर असलेली जाड काचेची खिडकी ताशा अडवते. ढोल मात्र ती अडवत नाही. ढोल भिंतीतून येतो आणि आधी मांडणीतल्या ताटल्यांना कळतो.

आवाजाची चर्चा सगळेच करतात. पिंपळाची कुणी करत नाही.

पारावरच्या पिंपळाची फळं पक्षी खातात आणि बी आसपासच्या इमारतींच्या सज्ज्यांवर, सांडपाण्याच्या पाइपांच्या सांध्यांवर टाकतात. पहिल्या पावसात दोन पानं दिसतात, छान तांबूस. तेव्हाच चिमटीत धरून मुळासकट उपटायचं. करंगळीएवढं खोड होईपर्यंत थांबलात तर मूळ प्लॅस्टरच्या मागे गेलेलं असतं. वरचं रोप कापून काही होत नाही, पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमानं फुटतं. चीर फोडायची, मूळ शेवटापर्यंत काढायचं आणि मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटनं ती बुजवायची. अडचण इथेच येते. गवंडी म्हणतो, पिंपळाला मी हात लावणार नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, श्रावण संपू दे. श्रावण संपतो, पितृपक्ष येतो. तोवर तिसऱ्या मजल्याच्या बेडरूममध्ये ओल उतरते आणि ती नक्की कुणाच्या बाथरूममधून येते यावर सभा भरते. देवळापासून दोनशे पावलांवरच्या इमारतीलाही हे चुकत नाही.

कळसाच्या सावलीची भीती त्या मानानं फार मोठी. देवळाची सावली घरावर पडू नये म्हणतात. हिशेब करायला हरकत नाही: पुण्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य साधारण 48 अंशांवर असतो, म्हणजे बारा मीटरच्या शिखराची सावली उत्तरेला अकराएक मीटर जाते. जूनमध्ये ती दक्षिणेला जेमतेम मीटरभर. सकाळ-संध्याकाळी लांबते खरी, पण तेव्हा समोरच्या सातमजलीची सावली तिला कधीच गिळून बसलेली असते. त्या सातमजलीची शांत करावी असं कुणाला वाटत नाही.

जुन्या देवळाचं प्रकरण आणखी वेगळं. अंबरनाथचं शिवमंदिर किंवा त्र्यंबकेश्वर यांसारख्या केंद्र-संरक्षित वास्तूंभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. डागडुजीलाही अर्ज करावा लागतो. पुनर्विकासात मोठी जागा मिळेल या आशेवर तिथलं जुनं घर घेणाऱ्यानं आधी टेप लावून अंतर मोजावं, नवस मग बोलावा.

आणि वार. प्रभादेवीत मंगळवार, माहीमच्या चर्चजवळ नोव्हेना प्रार्थनेचा बुधवार. मंगळवारी संकष्टी आली की अंगारकी. त्या दिवशी पाहुण्यांना जेवायला बोलावू नये. बोलावलंच तर गाडी आणू नका म्हणावं.

इतकं असून देऊळ हवं असतंच. घंटेला हात पोचत नाही म्हणून कुणीतरी उचलून धरलेलं असतं, रामनवमीला तळहातावरचा सुंठवडा खाताना ठसका लागलेला असतो. त्याला चौरस फुटाचा दर लावता येत नाही, तरी तो लावला जातो. गावात ही अडचण नव्हती. देवळाला लागून गुरवाचं घर असायचं, म्हणजे ज्याची झोप देवाबरोबर उघडायची त्याचंच. बाकीच्यांना घंटा ऐकू यायची, पण काय बोलणं चाललंय ते कळायचं नाही. आजही मनातलं अंतर तेवढंच असतं: देऊळ पलीकडच्या गल्लीत.

हाच फ्लॅट मशिदीसमोर असता तर एजंटनं दुपारचे तीन सांगितले असते का, कोण जाणे. भोंगा तोच, कंपनीही बहुधा तीच, सहा डेसिबलचा हिशेबही तोच. भाव मात्र वेगळा. ‘मंदिराजवळ, शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ असं जाहिरातीत छापतात तेव्हा त्यातलं देऊळ अंतर सांगण्यासाठी नसतं. करारनाम्यात ती अट कुठेच लिहिलेली नसते. फोन केला की पलीकडून आधी नाव विचारतात, मग जरा थांबून, आडनाव.