एल्गारच्या व्हायोलिन कन्सर्टोचा १९३२चा संच: ट्रान्सफर कुठवर आलं

इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गारच्या व्हायोलिन कन्सर्टोच्या (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राची रचना) जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या संगणकात उतरवणं, म्हणजे ट्रान्सफर, चालू आहे. संच आहे एचएमव्ही कंपनीचा, डीबी १७५१ ते १७५६. बारा इंची सहा तबकड्या, बारा बाजू. वादक सोळा वर्षांचा येहुदी मेन्युहिन, सोबत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, संचालन खुद्द एल्गारचं. जुलै १९३२, अ‍ॅबी रोडचा एक नंबरचा स्टुडिओ. आदल्या नोव्हेंबरात तो एल्गारच्याच हातून सुरू झाला होता. हा योग जुळवून आणला एचएमव्हीच्या फ्रेड गाइसबर्गने. १९०२ साली कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करणारा तोच हा माणूस. नऊ बाजू झाल्या, तीन उरल्या आहेत.

धुण्यात अडचण आली नाही. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं, शेवटी साधं डिस्टिल्ड वॉटर. स्पिरिट मात्र चुकूनही नको. शेलॅक म्हणजे लाख, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पावसाळ्यात धरलेली बुरशी दोनदा धुतल्यावर जाते. तिने खाच खाल्ली असेल तर टिकटिक राहतेच.

सुई एलपीची नको, ती खाचेच्या तळाला घासत जाते. २.८ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोक छाटलेली सुई बहुतेक बाजूंना बसली, वजन ४ ग्रॅम. दोन बाजूंवर पोलादी पिनांनी भिंत झिजवली होती, तिथे ३.३ मिलची सुई जरा वर, न झिजलेल्या भागावर टेकली आणि फोर्टेतली, म्हणजे जोरात वाजणाऱ्या जागांतली, फाटलेली खरड बरीच उतरली. स्टिरिओ कार्ट्रिजचे दोन्ही चॅनल आधी वेगळे ऐकावेत. एकीकडची भिंत चांगली असेल तर तीच घ्यावी, नाहीतर दोन्हींची बेरीज. बेरजेत उभ्या हालचालीचा आवाज आपोआप कटतो.

गतीसाठी ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७७ रेघांची स्ट्रोब चकती. तिच्या रेघा स्थिर दिसल्या की मिनिटाला ७७.९२ फेरे. पण यावर थांबू नये. त्या काळी मुद्रण करताना मेणाच्या तबकडीत खाच कापणारं यंत्र खाली उतरणाऱ्या वजनावर फिरायचं, विजेच्या फ्रीक्वेन्सीशी त्याचा संबंध नव्हता. शिवाय ४४० हर्ट्झचा स्वर लंडनच्या परिषदेत ठरला तो १९३९मध्ये; त्याआधी ब्रिटनमध्ये ४३९ धरत. व्हायोलिनच्या मोकळ्या तारांवर कान ठेवून प्रत्येक बाजू वेगळी जुळवली. मधलं भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी आतल्या खाचांवर सूर दर फेऱ्याला सुमारे एक टक्का वर-खाली डुलतो. तबकडी स्पिंडलवर सैल बसवून, टोनआर्मची डुलणी थांबेपर्यंत बोटाने सरकवावी.

इक्वलायझेशनमध्ये, म्हणजे मुद्रणात बदललेला खालच्या-वरच्या स्वरांचा तोल परत जुळवण्यात, सगळ्यात जास्त चुका होतात. मॅट्रिक्स क्रमांकानंतर (तबकडीवर कोरलेला त्या बाजूचा क्रमांक) चौकोन असेल तर अभियंता ब्लमलाइनची मुद्रणयंत्रणा, त्रिकोण असेल तर आधीची वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीची. इथे टर्नओव्हर (ज्याच्या खालचे स्वर मुद्रणात दाबलेले असतात ती फ्रीक्वेन्सी) २५० हर्ट्झ, वरच्या टोकाला काही कापायचं नाही. एलपीसाठीच्या आरआयएए मापाच्या फोनो प्रीअँपमधून घेतलं तर १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबल नाहक गळतात आणि १०० हर्ट्झला सुमारे पाच डेसिबल जास्त येतात. व्हायोलिन घोंगडीखालून वाजल्यासारखं वाटतं ते यामुळे. म्हणून फ्लॅट, म्हणजे इक्वलायझेशनशिवाय, घ्यावं, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. आधी टिकटिक काढावी, मग इक्वलायझेशन. उलट केलं तर टिकटिकीची धार बोथट होते आणि सॉफ्टवेअरला ती सापडत नाही.

बाजूंचे सांधे अजून मनासारखे नाहीत. तबकडीच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे १.२ मीटर धावते, आत जेमतेम ०.४. त्यामुळे बाजू संपताना तारांची झळाळी मंदावते आणि नवी बाजू एकदम झळझळीत सुरू होते. संपत्या बाजूच्या शेवटच्या मिनिटाला ५ किलोहर्ट्झच्या वर हळूहळू दोन-तीन डेसिबल चढवल्यावर सांधा निम्म्याने लपला.

उरलेल्या तीन बाजूंत तिसऱ्या भागातला कडेन्झा, म्हणजे एकल वादकाचा खास टप्पा, आहे. तिथे ऑर्केस्ट्रातल्या तंतुवाद्यांनी तारांवरून बोटं हलकेच फिरवत थरथरता झंकार उठवायचा, अशी एल्गारची सूचना आहे. तो झंकार आणि शेलॅकची खरखर एकाच पट्ट्यात बसतात. चाचणीत नॉइज रिडक्शन ६ डेसिबलवर ठेवलं तर खरखर गेली, आणि झंकाराच्या जागी नुसती वाफ उरली. २ डेसिबलवर दोन्ही ऐकू येतात. कडेन्झा २ डेसिबलवरच करायचा आहे, आणि आधीच्या नऊ बाजूही त्याच मापाने पुन्हा काढायच्या आहेत.