ठाण्यात घर असताना

नौपाड्यातल्या आमच्या घरापासून नेरूळची माझी भाड्याची खोली ट्रेनने पाऊण तासावर. लग्न झालेलं नाही, घरी भांडण नाही, मग वेगळी का राहतेस? हळदीकुंकवाला, घंटाळीच्या देवळाबाहेर, फोनवर, सगळीकडे हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

मला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. पुस्तकं, गाण्याचा क्लास, मागेन ते मिळालं. फक्त एकटी कुठे गेले नाही. शाळेत आई सोडायची, दहावीनंतर बाबा. ही तक्रार नाही. निदान आज तरी नाही.

२०१७ साली मी सतरा वर्षांची होते. वाशीच्या क्लासला बाबा सोबत यायचे. एके दिवशी त्यांना ताप होता, आईला रजा नव्हती. पहिल्यांदाच एकटी निघाले. ठाण्याला ९ नंबरवर गाडी उभी होती, बायका चढत होत्या, मीही चढले. इंडिकेटर बघायचा असतो हे ठाऊक होतं, पण ते काम माझ्याकडे कधी आलंच नव्हतं. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. पुढे सानपाडा यायला हवं होतं, आलं जुईनगर. गाडी पनवेलची होती.

उतरले. हातपाय गार पडले होते. फोनवर बाबांचा नंबर काढला आणि लावला नाही. बाकावर एक मावशी रिकामी पाटी घेऊन बसल्या होत्या, त्यांना विचारलं. "सीएसएमटीची गाडी धर, दुसरं स्टेशन वाशी." एवढंच होतं ते! वाशीला पोचले तेव्हा क्लास अर्धा झाला होता. गेलेच नाही. तासभर स्टेशनातच बसून राहिले. मी कुठे आहे हे त्या तासात फक्त मला माहीत होतं.

घरी सांगितलं, क्लास झाला. बाबांनी आधीच क्लासमध्ये फोन केला होता. ते रागावले असते, अबोला धरला असता, तरी मला चाललं असतं. तापाने फणफणलेले बाबा पलंगावर उठून बसले आणि आईला म्हणाले, "चूक माझीच. तिला एकटीला पाठवायलाच नको होतं."

गाडी मी चुकले, वाट मी शोधली, खोटंही मीच बोलले. त्यातलं काहीच माझ्या नावावर राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते अंगात कणकण असताना सोडायला आले आणि मी मुकाट मागून चालले.

त्या रात्री वहीत लिहिलं होतं, 'बाबांना मी मोठी झालेली चालणारच नाही.' आज वाचताना वाटतं, किती अन्यायाने लिहिलंय! आजारी माणूस आपल्यासाठी उठला, त्याचं काहीच नाही? पण खोडायला पेन घेतलं आणि खोडवलं नाही.

जाच होता का, असंही विचारता. नव्हता. असता तर सांगणं सोपं गेलं असतं. बेलापूरला नोकरी लागली म्हणून गेले, असं मी सांगत आले, तेही पूर्ण खरं नाही. ठाण्याहून रोज जाता आलं असतं. मला माझ्या चुका माझ्याजवळ ठेवायच्या होत्या. घरात राहून ते जमलं नसतं का? मैत्रिणींना जमलं. मी तेव्हाच बाबांशी बोलले असते तर कदाचित मलाही जमलं असतं. बोलले नाही.

गेल्या रविवारी मी परत निघाले तेव्हा बाबा प्लॅटफॉर्मपर्यंत आले. "वाशीची नाही ना? बघितलंस?" मी बघितलं होतं. तरी त्यांच्या शेजारी उभी राहून इंडिकेटर पुन्हा वाचला.