मुघल वंशावळ, नोंद चौथी: टिकली कुठे लावू?

मंडळी, कागदावर वंशावळ काढतोय, पण दोन आठवड्यांत शाह आलम दुसरा ते बहादुरशाह जफर एवढाच पट्टा झाला. तेवढ्यात खोडरबर मात्र निम्मा झिजला.

पहिला घोळ नावांचा. जवानबख्त दोन आहेत. एक शाह आलमचा मुलगा. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी दिल्लीत शाहजहान तिसऱ्याला उतरवून शाह आलमच्या नावाची द्वाही फिरवली, तेव्हा बाप दिल्लीबाहेर म्हणून या पोराला वारस नेमून पुढे केलं. दुसरा जफरचा, झीनत महलच्या पोटचा, १८४१ चा. मी दोघांना एकाच चौकटीत कोंबलं होतं. रात्री अकराला उजेड पडला.

तेव्हापासून प्रत्येक नावाखाली आईचं नाव लिहितोय, आणि त्याचा भलताच फायदा झाला: गादीसाठी कोणती आई कुणामागे होती ते दिसायला लागलं. या घराण्यात थोरल्यालाच गादी असा नियम कधीच नव्हता. तो आग्रह ईस्ट इंडिया कंपनीचा. अकबरशाह दुसऱ्याला, म्हणजे जफरच्या बापाला, गादी द्यायची होती मिर्झा जहांगीरला, मुमताज महलच्या मुलाला (ताजमहालवाली नव्हे, ही या अकबरशाहाची बेगम). या जहांगीरने कंपनीचा दिल्लीतला प्रतिनिधी, रेसिडेंट सीटन, याच्यावर गोळी झाडली आणि त्याची रवानगी अलाहाबादला झाली. तो सुटून यावा म्हणून आईने मेहरौलीच्या दर्ग्याला नवस केला. ‘फूलवालों की सैर’ ही फुलांची जत्रा त्यातूनच सुरू झाली म्हणतात. जहांगीर १८२१ मध्ये अलाहाबादलाच वारला. लालबाईचा मुलगा जफर १८३७ मध्ये, एकसष्टी उलटल्यावर, गादीवर आला.

युवराज ओळखू यावा म्हणून मी लाल टिकली लावतो. (पाकीट घरातलंच, त्यावरून बोलणीही खाल्ली.) जफरच्या मुलांत ती आधी दारा बख्तवर होती. १८४९ मध्ये तो गेला. झीनत महलने जवानबख्तसाठी जंग जंग पछाडलं. एप्रिल १८५२ मध्ये त्याचं लग्न असं थाटात लावलं की सेहऱ्यावरून (लग्नासाठी रचलेल्या कवितेवरून) गालिब आणि जौक या शायरांत जुंपली. त्याच वर्षी कंपनीने मिर्झा फख्रूशी गुपचूप करार केला: वारस म्हणून मान्यता देतो, पण बादशहा झालास की लाल किल्ला सोडून कुतुबकडे राहायला जा. टिकली फख्रूवर. १० जुलै १८५६ ला तो कॉलऱ्याने गेला. त्यानंतर गव्हर्नर जनरल कॅनिंगने ठरवलं की बादशाही किताब जफरबरोबरच संपवायचा. म्हणजे टिकली उचलायची, पण लावायला जागाच नाही. सध्या ती टेबलाच्या कडेला आहे.

फख्रूजवळ एक तुटक रेघही आहे. त्याची बेगम वजीर खानम, आणि तिचा आधीचा मुलगा म्हणजे शायर दाग देहलवी. रक्ताचा नव्हे, पण वाढला किल्ल्यात. त्याला वगळवेना.

२२ सप्टेंबर १८५७ ला इंग्रज अधिकारी हॉडसनने मारलेल्या तिघांवर, मिर्झा मुघल, खिज्र सुलतान आणि अबू बकर यांच्यावर, बारीक काट मारली. अबू बकरला जफरच्या मुलांच्या रांगेत बसवलं होतं. तो फख्रूचा मुलगा, म्हणजे नातू. पुन्हा खोडाखोड, आणि तिथे कागद इतका पातळ झालाय की पाठीमागून पट्टी चिकटवावी लागली.

रंगूनला हद्दपार झालेल्यांची फांदी अजून उरलीय: जफर, झीनत महल, जवानबख्त, शाह अब्बास. खाली कागद उरलाय चार बोटं. रविवारी खळ करून नवा ताव जोडतो.