कीर्तन ऐकू येतंय, पण दिसत नाही

आत्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. प्रॅक्टिकलची वेळ, त्यात दोन मशीन बंद. फोन उचलला तर पलीकडून थेट तक्रार : "अगं, कीर्तन ऐकू येतंय, पण दिसत नाहीये. बुवा गेले कुठे?"

बुवा गेले नव्हते. खालच्या पट्टीवरच्या १ आणि २ या इवल्याशा चौकोनांपैकी २ वर तिचा माउस चुकून पडला होता. ते चौकोन म्हणजे वर्कस्पेस, एकाच स्क्रीनमागचे जणू दोन पडदे. कीर्तनाची खिडकी पहिल्या वर्कस्पेसवर आणि आत्या दुसऱ्यावर. एकावर क्लिक कर म्हटलं, बुवा परत आले. दोष आत्याचा नव्हता, माझा होता. तिच्या जुन्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकताना ते चौकोन मीच आणून बसवले होते.

आता पहिल्यापासून सांगते. आत्या ठाण्याला नौपाड्यात राहते, दुसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणत अजून उभी आहे. सरकारी कार्यालयातून निवृत्त झाली. सोसायटीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे, त्याचा हिशेब आणि अभंगांची पानं हिच्याकडे. पानं मोठ्या टायपात लागतात, कारण मंडळातल्या निम्म्या जणींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय नाहीतर व्हायचंय. त्यासाठी तिच्याकडे २०१० साली लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेला डेस्कटॉप. पेंटियम ड्युअल कोअर, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७.

"नेट बंद पडलंय" हे तिचं मूळ गाऱ्हाणं होतं. नेट चालू होतं. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की घड्याळ असं मागे जातं, आणि घड्याळ मागे गेलं की कुठलीही साइट "सुरक्षित नाही" म्हणून दार लावून घेते, कारण ब्राउझरच्या मते तिचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. सीआर २०३२ नंबरचा सेल, घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो बदलला, साइट उघडल्या. पण क्रोम जुनं राहिलं होतं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या त्यावर येत नाहीत. बँकेची साइट रोज ब्राउझर बदला म्हणत होती.

एका दुकानदाराने तिला "मावशी, भंगारात द्या, नवीन घ्या" असं सांगितलं होतं. आत्याने त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

मी ऐरोलीला राहते, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. ऐरोलीहून गाडी पकडली की दिघा गाव आणि मग ठाणे, त्यामुळे रविवारी जाणं जड नाही. एका पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाकलं, त्यात चार-पाच प्रकारची लिनक्स भरली आणि गेले. व्हेंटॉयची ही सोय फार चांगली आहे. लिनक्सच्या आयएसओ फाइली (अख्खी प्रणाली एका फाइलीत) नुसत्या कॉपी करायच्या, सुरू करताना यादी येते, हवं ते निवडायचं. काही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. विंडोजला हातही लागत नाही.

आणि मग मी तेच केलं जे आमच्यासारखे लोक नेहमी करतात. आकडा बघितला. काहीही न उघडता कोण किती मेमरी खातो? अँटीएक्सने दोनशे एमबीच्या आसपास घेतली. मिंट नावाच्या लिनक्सच्या एक्सएफसीई या डेस्कटॉपने, म्हणजे मेनू-पट्टी-खिडक्यांच्या मांडणीने, सातशेच्या पुढे. त्याच मिंटच्या सिनॅमन या दुसऱ्या डेस्कटॉपने तर आल्या आल्या निरोप दिला की ग्राफिक्सची मदत मिळत नाही, सगळा भार प्रोसेसरवर घेऊन चालवतोय. २ जीबीच्या मशीनवर २०० आणि ७०० यात विचार काय करायचा? अँटीएक्स बसवलं आणि विजयी मुद्रेने चहा प्यायले.

अँटीएक्स वाईट नाही, हे आधी सांगून टाकते. ज्यांचं मशीन खरोखरच ३२ बिटचं, म्हणजे फार जुन्या प्रोसेसरचं आहे त्यांना आज जे थोडे दरवाजे उघडे आहेत त्यातला तो एक. मिंट आणि उबुंटू या लिनक्सची नवी आवृत्ती ३२ बिटवर बसतच नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या आणखी एका लिनक्सनेही ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला. पण अँटीएक्सचं डेस्कटॉप म्हणजे आइसडब्ल्यूएम. त्यात ज्याला काय हवं ते माहीत आहे त्याच्यासाठी सगळं आहे. आत्याला हवं होतं ते तिला माहीत होतं, पण ते कुठे आहे ते माहीत नव्हतं. एकाच कामाला मेनूत तीन-तीन प्रोग्राम. कुठला उघडू, म्हणून फोन. अक्षरं बारीक, म्हणून फोन. मग बुवा गेले.

त्या आठवड्यात मला अकरा फोन आले. म्हणजे मशीनला हलकं झालं, आत्याला जड झालं, आणि मला तर विचारूच नका.

शिवाय तो २०० चा आकडाही फसवा. फायरफॉक्स उघडून त्यात कीर्तन लावलं आणि शेजारी बँकेचं पान ठेवलं की जीबीभर मेमरी तिथेच जाते, डेस्कटॉप कुठलंही असो. डेस्कटॉपवर वाचवलेले पाचशे एमबी ब्राउझर एका घोटात पितो. मग मशीन मेमरीत न मावणारं हार्ड डिस्कवर हलवायला, म्हणजे स्वॅप करायला लागतं आणि डिस्क आपली कर्रकर्र करत बसते. आत्या त्याला "दळण" म्हणते. "दळण सुरू झालं गं, मी तोवर कुकर लावते."

पुढच्या रविवारी लुबुंटू. हे उबुंटूचंच भावंड, डेस्कटॉप एलएक्सक्यूटी. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, विंडोजच्या माणसाला ओळखीचं. आत्याला पटलं. नडलं ते फायरफॉक्स. उबुंटूच्या घराण्यात २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून, म्हणजे सगळा लवाजमा एका गाठोड्यात बांधून येतं आणि जुन्या हार्ड डिस्कवर सकाळी पहिल्यांदा उघडायला ते जो वेळ घेतं, त्यात आत्याची पूजा आटपायची. स्नॅप काढून दुसरं फायरफॉक्स बसवता येतं, मी बसवूही शकले असते. पण प्रत्येक गोष्ट मला बदलून द्यावी लागणार असेल तर ती आत्याची राहत नाही.

तेव्हा कुठे मला डोकं चालवायची बुद्धी झाली आणि मी आधी मशीन उघडलं. जी३१ चिपसेटचा बोर्ड, रॅमच्या दोन खाचा, डीडीआर२, जास्तीत जास्त ४ जीबी. डीडीआर२ ही जुन्या पिढीची रॅम, नवी सहज मिळत नाही, पण गोखले रोडच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला बसतो, त्याच्या डब्यात काढलेल्या रॅमच्या पट्ट्या चमच्यांसारख्या भरलेल्या असतात. २ जीबीच्या दोन जुळणाऱ्या पट्ट्या त्यानेच शोधून दिल्या, खोडरबराने सोनेरी टोकं घासूनही दिली. वर एक साधी साटाची एसएसडी, म्हणजे आत फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क. बोर्ड इतका जुना की एसएसडीचा पूर्ण वेग तो घेऊ शकत नाही. तरीही फरक असा पडला की आत्या म्हणाली, "हे तेच आहे ना? बदललं नाहीस ना?" दळण थांबलं.

जुन्या पीसीवर लिनक्स टाकणाऱ्या कोणालाही मी आता हेच सांगते की डिस्ट्रोवर, म्हणजे कुठलं लिनक्स यावर, वाद घालण्याआधी एसएसडी घाला, रॅम वाढवता येते का बघा. हे आधी केलं असतं तर कदाचित लुबुंटूही टिकलं असतं, हे मान्य.

पण आता सगळं नव्याने बसवायचंच होतं, तर मिंट २२ एक्सएफसीई घेतलं. त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, म्हणजे दरवर्षी उचापत नाही. फायरफॉक्स स्नॅपशिवाय येतं. अपडेटची खूण पट्टीवर दिसते, बटण दाबलं की पासवर्ड विचारते. पासवर्ड आत्याने भजनाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, आणि चोराला आधी ती वही सापडायला हवी. एक्सएफसीई १९९६ पासून आहे, तेव्हापासून त्याने फार सोंगं आणली नाहीत. त्याचं बोधचिन्ह उंदीर. हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "गणपतीचं वाहन आहे, चालेल." माटे या आणखी एका डेस्कटॉपचाही विचार केला होता. आमच्या लॅबमध्ये जुनं ग्नोम डेस्कटॉप होतं, माटे त्यातूनच निघालेलं, त्यामुळे मला त्याचा लळा आहे. पण माझ्या लळ्यावर आत्याचा पीसी कशाला चालवू?

बसवल्यावर थोडी डागडुजी केली. वर्कस्पेस चारावरून एक, म्हणजे बुवा कुठे जायचा प्रश्न नाही. डेस्कटॉपवर माउसचं चाक फिरवलं तर वर्कस्पेस बदलायची जी खोड एक्सएफसीईला आहे, तीही खूण काढून बंद केली. खिडक्यांच्या सावल्या-पारदर्शकपणा बंद, कारण त्या ग्राफिक्सला तेवढंही ओझं नको. अक्षरं मोठी, पट्टी जाड, डेस्कटॉपवर चारच चिन्हं. यूट्यूब ७२० ला अडखळतं, ४८० ला नाही. बुवा ४८० मध्येही बुवाच दिसतात.

खरी मजा मराठीची. आत्याला शेवटच्या नोकरीत इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगचा सरकारी कीबोर्ड, शिकवलं होतं, सक्तीने, आणि ती शिव्या देत शिकली होती. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडला, ऑल्ट-शिफ्टने इकडून तिकडे. तिने खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि दहा वर्षांनी बोटं ठेवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं. बी, एफ, मग शिफ्ट धरून ठ, डी ने पाय मोडला, पुन्हा ठ, शेवटी एन. विठ्ठल. एकदाही खाली न बघता. मी लॅबमध्ये रोज तीस मुलं बघते, त्यातल्या एकालाही हे येत नाही.

आणि लगेच, "हा ल हिंदी आहे."

खरंच होता. पडद्यावरच्या फॉन्टात ल आणि श हिंदी वळणाचे. आपला ल दोन गोल पोटांचा, हे मला दिसलंच नव्हतं, तिला पहिल्या शब्दात दिसलं. टिरो देवनागरी मराठी नावाचा मोफत फॉन्ट उतरवून बसवला, लिब्रेऑफिसमध्ये तोच कायमचा ठरवला, अठ्ठावीसच्या टायपात. मग ल पसंत पडला. पान तयार झालं की वरचं पीडीएफचं बटण दाबायचं आणि पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जायचं. पीडीएफच न्यायची, नाहीतर त्याच्याकडे ल पुन्हा हिंदी होऊन येतो, हे मी दोनदा बजावलं. तिने एकदा न ऐकून बघितलं, आता ऐकते.

मंडळाच्या जुन्या फाइली मात्र अजून त्रास देतायत. त्या कधीतरी एका डीटीपीवाल्याकडून शिवाजी फॉन्टात करून घेतलेल्या, उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि टिंबांची खिचडी. जुन्या डिस्कवरून शिवाजीची फाईल काढून बसवली तेव्हा वाचता आल्या, पण ते युनिकोड नाही, म्हणजे आत खरी मराठी अक्षरं नाहीत, नुसते इंग्रजी अक्षरांना चढवलेले मराठी मुखवटे; त्यात शोधता येत नाही, फॉन्ट बदलला की पुन्हा खिचडी. कन्व्हर्टर लावून बघितला. रफार भलत्याच अक्षरावर, पहिल्या वेलांट्या शेजारणीकडे. ते पान वाचून आत्याने चष्मा काढला आणि म्हणाली, "तुकोबांचे अभंग मी मशीनकडून सुधारून घेणार नाही."

म्हणून ती सगळे नव्याने टाइप करतेय. दुपारी दोन ते चार, पंखा पाचावर. काल विचारलं तर चाळीसपैकी सतरा झाले होते. या आठवड्यात फोन एकच आला, तोही रविवारी येताना गावदेवीहून भाजी आणशील का म्हणून.