दुर्बिणवाले सर

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे एकदम दुर्बिणवाले सरच उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी.

१९८५ची उन्हाळ्याची सुट्टी. हॅलीचा धूमकेतू ७६ वर्षांनी येणार, म्हणून सरांनी आम्हा चौघांना दुर्बिणीसाठी सहा इंची आरसा घासायला बसवलं. लोखंडी पाइपाची कडी आणि काच घासायची ८० नंबरची भरड कार्बोरंडम पावडर घेऊन काच मधोमध जेमतेम सव्वा मिलिमीटर खोल केली. पुढच्या बारीक घासकामाला त्या खोलीत चपखल बसणारं फुगीर टूल हवं. ते सरांनी ओतायला शिकवलं.

इंदूरच्या सियागंज बाजारातून फुटक्या टाइल्स आणल्या. व्हॅसलीन लावलेल्या काचेवर त्यांचे रुपयाएवढे तुकडे पालथे मांडले, भोवती पुठ्ठ्याचं कडं केलं. प्लॅस्टर दातांच्या दवाखान्यातलं, कवळीचा साचा घेतात ते. "पाण्यात प्लॅस्टर सोडायचं, प्लॅस्टरवर पाणी ओतायचं नाही," सर पुन्हा पुन्हा बजावत. ओतून झाल्यावर त्यांनी माझा तळवा त्यावर टेकवला. ताप आलेल्या कपाळासारखं गरम! आळताना प्लॅस्टर तापतं, हे मला पुस्तकाआधी हाताला कळलं. मग टूल सुटं करून फटींतलं प्लॅस्टर खिळ्याने कोरलं, पावडर आणि पाणी खेळायला.

आठवडाभर वाळू द्या, मग वॉर्निश, असं सर सांगून गेले होते. मी तिसऱ्याच दिवशी वॉर्निश फासलं. आत ओल राहिली. २२० नंबरच्या बारीक पावडरवर असताना एक तुकडा निखळला आणि आरशावर कर्रकन ओरखडा उठला. मला रडूच कोसळलं. सरांनी काच खिडकीशी तिरपी धरली, ओरखड्यावरून नख फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "चल, पुन्हा ८० पासून." टूलही नवं ओतलं. त्यात नोव्हेंबर गेला, कृत्तिकांजवळचा हॅली हुकला. पण जानेवारीत संध्याकाळी शाळेच्या गच्चीवरून तो धुरकट ठिपका दिसला, तेव्हा सरांनी सर्वांआधी मला डोळा लावायला दिला.

आज पीथमपूरला माझं साचे बनवण्याचं वर्कशॉप आहे, चाळीस माणसं कामाला आहेत. नवीन पोराला मी पहिल्या दिवशी ओतकामावर हात ठेवायला लावतो. आपल्या प्रयोगशाळेत आता संगणक आहेत, असं कळलं. असावेतच; पण खिडकीजवळचं ते लाकडी टेबल काढायला नको होतं.

निखळलेल्या तुकड्याचं ते पहिलं टूल माझ्याकडे आहे. समारंभाला घेऊन येतोय. कपाटात जागा असेल तर शाळेतच ठेवीन.